गटप्रमुख आणि सोबतची व्यक्ती

नकाशेकाकांनी आयुष्यात एकोणीस डोंगर काढले होते आणि एकही चढले नव्हते. चौतीस वर्षं ते सरकारी नकाशा कार्यालयात आरेखक होते. मोजणीवाले उन्हातान्हात फिरून आकडे आणून द्यायचे आणि काका दुसऱ्या मजल्यावर पंख्याखाली बसून, केसाएवढ्या टोकाच्या पेनानं, सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या त्या तपकिरी रेषा ओढायचे. रेषा जवळजवळ आल्या की चढ अवघड, लांब लांब गेल्या की सोपा. एवढ्या भांडवलावर काका स्वतःला गिर्यारोहक समजत, आणि सोसायटीतही कुणी त्यांचा गैरसमज दूर केला नव्हता.

काकूंचं काम अगदी उलट. त्या टपाल खात्यात होत्या, आणि तेही खिडकीत बसून तिकिटं विकणाऱ्यांत नव्हे, तर खांद्याला पिशवी लावून घरोघर वाटप करणाऱ्यांत. तीस वर्षं रोज चौदा किलोमीटर. पण त्या चालण्याला त्या कधी चालणं म्हणाल्या नाहीत; त्या 'ड्युटी' म्हणत. त्यामुळे घरात डोंगरांवर बोलायचा अधिकार एकट्या काकांकडे राहिला.

दोघं निवृत्त झाले आणि आपली जुनी छोटी पांढरी गाडी घेऊन देश बघायला निघाले. एकसष्ट दिवस झाले. समुद्र झाला, वाळवंट झालं, तीन सरोवरं झाली, लांबच्या नातेवाइकांचे सोफे झाले. आता राहिला होता एकच मुक्काम आणि मग दोन दिवसांचा रस्ता की घर. हा शेवटचा मुक्काम काकांनी पहिल्या दिवसापासून राखून ठेवला होता. त्यांनी काढलेल्या एकोणीस डोंगरांपैकी सर्वांत उंच, ज्याला नकाशात नावसुद्धा नव्हतं, नुसता एक ठिपका आणि आकडा: २१४३.

"एकवीसशे त्रेचाळीस," काका गाडीच्या काचेतून वर बघत म्हणाले. आवाज असा, की जणू बारशाला तेच हजर होते.

"बराच उंच दिसतोय हो," काकू म्हणाल्या.

"दिसतो. पण पूर्वेकडून चढलं तर रेषा लांब लांब आहेत. तू काळजी करू नकोस. दमलीस तर सांग, थांबू."

मग काकांनी एक चूक केली. त्यांनी सोसायटीच्या फोनवरच्या ग्रुपवर लिहिलं, 'उद्या २१४३ सर करीत आहे.' पाच मिनिटांत सल्ल्यांचा पूर आला. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त हवालदारांनी कळवलं की चढताना बोलू नये, वारा पोटात जातो. समोरच्या बाईंनी कळवलं की सतत बोलत राहावं, म्हणजे प्राणवायू आत जातो. तळमजल्यावरच्या विमा एजंटनी विचारलं की पॉलिसी चालू आहे ना, आणि शेजारी हसरा चेहरा टाकला. दोन मोजे घाला. मोजे घालूच नका. पाणी भरपूर प्या. चुकूनही पिऊ नका. यांतला एकही जण, जिना चढायची वेळ आली की, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला फोन लावल्याशिवाय राहत नसे. काकांनी मात्र प्रत्येकाला 'आभारी आहे' असं वेगवेगळं लिहिलं, कारण पाठिंबा म्हटला की तो कसाही असला तरी माणसाला बरा वाटतो.

डोंगरावर जायचं तर पायथ्याच्या वनखात्याच्या चौकीत परवाना काढावा लागे. चौकी म्हणजे एक खोली, एक टेबल, तीन शिक्के आणि त्या तिन्हींवर जिवापाड प्रेम करणारे एक कारकून. काका आत शिरले आणि जागच्या जागी थिजले. समोरच्या भिंतीवर, चौकटीत, त्यांचा नकाशा होता. तेच पत्रक, तीच वळणं, कोपऱ्यातलं तेच जंगल, ज्यातलं एकेक झाड त्यांनी हातानं टोचलं होतं.

"हा नकाशा मी काढलाय!" काका म्हणाले.

कारकुनांनी घाबरून मागे वळून पाहिलं. "कुठं काढलाय? आहे की भिंतीवर!"

"तसं नव्हे. मी, स्वतः, हातानं काढलेला आहे हा."

"हे बघा साहेब, तुम्ही काढा नाहीतर आणखी कुणी काढा, पण आत्ता काढू नका. भिंतीला ओल आहे. तो निघाला की मागचं प्लास्टर निघेल."

काकूंनी तोंडावर रुमाल धरला. काका खुर्चीत बसले. चौतीस वर्षांच्या कलेची अशी संभावना झाल्यावर दुसरा कुणी उठून गेला असता, पण पुढ्यात अर्ज होता आणि अर्ज दिसला की सरकारी माणसाचा हात आपोआप पेनाकडे जातो.

अर्ज तीन प्रतींत होता. वयाच्या रकान्यात काकांनी चौसष्ट आणि काकूंनी एकसष्ट लिहिलं, आणि कारकुनांनी पेन खाली ठेवलं.

"साठीच्या वर डॉक्टरांचा दाखला लागतो."

"डॉक्टर कुठं आहेत?"

"अठरा किलोमीटरवर गावात. पण आज मंगळवार. मंगळवारी दातांचे असतात."

"दातांचे काय करायचेत?"

कारकुनांनी नियमावली उघडली, बोटानं ओळ धरली आणि न्यायाधीशाच्या गांभीर्यानं वाचली. "'नोंदणीकृत डॉक्टर.' कसले, ते लिहिलेलं नाही."

अठरा किलोमीटर जाऊन काका दातांच्या खुर्चीत आडवे झाले. डॉक्टर तरुण बाई होत्या आणि अतिशय कर्तव्यदक्ष. त्यांनी आधी काकांच्या दाढा पाहिल्या. "दोन काढाव्या लागतील, पण डोंगराला त्यांची अडचण नाही." मग रक्तदाबाचं यंत्र आणलं. काकांच्या डोक्यात अजून ते प्लास्टर घोळत होतं, त्यामुळे काटा असा काही वर गेला की डॉक्टरबाईंनी यंत्रावर टिचकी मारून पाहिली. काकूंचा दाब मोजला तर तो पुस्तकात छापतात तसा. नाडीही तशीच. "तुम्ही काही व्यायाम करता का?" डॉक्टरबाईंनी विचारलं. "छे हो," काकू म्हणाल्या, "व्यायामाला वेळ कुठं मिळाला? ड्युटी असायची ना."

दाखला दोघांचा एकाच कागदावर मिळाला. 'सदर महिला चढण्यास योग्य. सदर पुरुष, सदर महिलेच्या देखरेखीखाली, योग्य.'

चौकीत परतल्यावर कारकुनांनी तो कागद दोनदा वाचला, समाधानानं मान हलवली आणि अर्जातल्या 'गटप्रमुख' या रकान्यात काकूंचं नाव लिहिलं. खाली एक रकाना होता, 'सोबत नेत असलेल्या व्यक्ती'. तिथं काका गेले. तीन प्रतींत.

"अहो, राहू द्या ना. कागदच आहे तो," बाहेर आल्यावर काकू म्हणाल्या.

"मला काहीच वाटलेलं नाही," काका म्हणाले आणि गाडीचं दार जरा जास्तच जोरात लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दोघं निघाले. काका पुढे, गळ्यात दुर्बीण, हातात नकाशा, डोक्यावर गोल टोपी. सोबत नेत असलेली व्यक्ती गटप्रमुखाला नेत आहे असं निदान दिसावं तरी! शेवटच्या घरापाशी एक कुत्रा भुंकत अंगावर आला. त्यानंतर नेमकं काय घडलं ते काकांना नीट सांगता येत नाही, पण ते कमरेएवढ्या दगडी गडग्यावर उभे होते आणि नकाशा ढालीसारखा समोर धरलेला होता. काकू तिथंच उभ्या राहिल्या. त्यांनी कुत्र्याकडे पाहिलंही नाही, बाजूला बघत हळू आवाजात म्हणाल्या, "झालं का? सांगितलंस ना मालकाला? आता जा बघू." कुत्रा ओशाळला. दोन पावलं मागं सरकून शेपूट हलवू लागला.

"हे कुठं शिकलीस?"

"शिकायचं काय त्यात? वाटपात दोनशे दहा घरं होती, त्यांतली साठ कुत्र्यांची."

इतक्या वर्षांत काकांनी कधी हा आकडा ऐकला नव्हता. ते गडग्यावरून उतरले आणि चालू लागले.

दोन तास उत्तम गेले. काका दर वळणावर थांबून माहिती देत आणि माहिती देता देता श्वास घेत. काकू थांबत नसत. त्यांची चाल अशी, की बघणाऱ्याला हळू वाटावी आणि दहा मिनिटांनी वर पाहावं तर त्या पुढच्या वळणावर. पाय उचलायचा तेवढाच, टाकायचा सपाट, धाप अजिबात नाही. मधेच त्या मागे वळत आणि म्हणत, "सावकाश या हो. घाई नाही." या वाक्यात दोष काढण्याजोगं काही नव्हतं आणि त्यामुळेच ते काकांना फार लागत होतं.

मग काकांना जवळची वाट सुचली. "ही पायवाट उगाच वळसा घालते. सरळ वर गेलं तर अर्धा तास वाचेल. बघ, रेषा किती लांब आहेत! नुसतं माळरान."

माळरान होतं खरं. ते संपल्यावर समोर एक काळा कडा होता. सरळ, गुळगुळीत, पाचमजली इमारतीएवढा.

काकांनी नकाशा पाहिला. कडा पाहिला. चष्मा पुसला. पुन्हा नकाशा पाहिला.

"हा इथं नाहीये," ते म्हणाले.

"अहो, इथंच आहे की," काकू म्हणाल्या आणि कड्यावर हात ठेवून दाखवला.

काका दगडावर बसले. त्यांना सगळं उमगलं होतं. दोन रेषांमधलं अंतर वीस मीटर उंचीचं. कडा असेल अठरा. दोन रेषांच्या मध्ये हा अख्खा राक्षस मुकाट्यानं उभा राहू शकत होता आणि कागदावर त्याची सावलीसुद्धा पडली नव्हती. "म्हणजे मी काढलेल्या एकोणीस डोंगरांत," ते हळूच म्हणाले, "असे किती असतील?"

"असतील तेवढे असतील. तुमच्याकडे आकडे आले तसे तुम्ही काढलेत," काकू म्हणाल्या. "आमच्याकडे पत्ता चुकीचा आला तरी पत्र पोचवावं लागायचंच. चला, उजवीकडून वाट असणार. बकऱ्यांच्या लेंड्या दिसताहेत."

बकऱ्यांच्या लेंड्यांनी नकाशा कार्यालयावर मात केली. वाट सापडली, कडा मागे पडला आणि शिखराखालची खिंड आली. तिथं घसरणारे बारीक खडे होते. काका नेमके त्याच वेळी, आपण इतके खचलेलो नाही हे दाखवण्यासाठी, ताठ मानेनं चालत होते. डावा पाय खड्यांवरून गेला, उरलेले काका त्याच्या मागोमाग गेले आणि घोट्यातून एक बारीक आवाज आला.

काकूंनी बूट काढला. घोटा बघता बघता टम्म सुजला. त्यांनी तो दाबून पाहिला, बोटं हलवायला लावली, मग डोक्याचा रुमाल सोडून असा घट्ट बांधला की काकांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. "मोडलेला नाही. मुरगळलाय. माझा तीनदा मुरगळला होता."

"केव्हा?"

"अहो, ड्युटीवर. तुम्हाला सांगितलं होतं मी. तुम्ही म्हणालात, बाम लाव."

काकांना ते आठवलं आणि घोट्यापेक्षा तेच जास्त दुखलं.

शिखर समोर होतं. जेमतेम दीडशे मीटर वर, एका निमुळत्या धारेच्या टोकाला. साडेअकरा वाजले होते, आकाश निरभ्र. काकू पिशवीचे बंद आवळत म्हणाल्या, "उतरू या सावकाश. माझ्या खांद्यावर हात टाका."

काकांनी शिखराकडे पाहिलं. एकसष्ट दिवस, किंवा खरं तर चौतीस वर्षं. मग काकूंकडे पाहिलं. त्यासुद्धा शिखराकडेच बघत होत्या, पण अशा, की बघताना कुणाला दिसू नये.

"तू जाऊन ये," काका म्हणाले.

"मी? तुम्हाला इथं टाकून?"

"टाकून काय? मी काय पार्सल आहे?"

"पार्सल असतात तर वरपर्यंत पोचवलं असतं."

"जा म्हणतो ना. परवाना तुझ्या नावावर आहे. गटप्रमुख वर गेला नाही तर तो कारकून तीन प्रतींत खुलासा मागेल."

काकू हसल्या. पाण्याची बाटली त्यांनी काकांच्या हाताशी ठेवली, टोपी त्यांच्या कपाळावर ओढली आणि निघाल्या.

काकांनी दुर्बीण लावली. त्या धारेची रेषा त्यांना पाठ होती. एका दुपारी, चहाच्या आधी आणि नंतर, अशा दोन बैठकांत त्यांनी ती ओढली होती. लांबी सव्वा सेंटीमीटर. त्या सव्वा सेंटीमीटरवर आता एक निळा सदरा चढत होता. डावीकडे दरी, उजवीकडे दरी, मधे हात-दोन हात रुंद दगड. एका ठिकाणी काकू थांबल्या. त्यांनी दगड हातानं हलवून पाहिला, तो सोडला, दुसरा धरला, पाय वर घेतला, आणि पुन्हा तीच चाल: पाय उचलायचा तेवढाच, टाकायचा सपाट. ऊन, पाऊस, मुरगळलेला घोटा, साठ कुत्री, आणि रोज संध्याकाळी घरी येऊन पोळ्या लाटणं. या सगळ्यातून ही बाई अशीच चालत आलेली होती आणि आपण पंख्याखाली बसून तिला म्हणत होतो, दमलीस तर सांग!

निळा सदरा ठिपक्यावर पोचला. काका वाट बघत होते की आता हात हलवेल. तिनं हात हलवला नाही. ती नुसती उभी राहिली, सावकाश एकदा चहूकडे वळली, आणि मग खाली बसली. चांगली पंधरा मिनिटं बसली. तीस वर्षं जिथं जाईल तिथं पुढचं दार वाट बघत असायचं, अशा बाईला पहिल्यांदाच एका जागेपुढं दुसरी जागा नव्हती. काकांनी दुर्बीण खाली घेतली. चोरून बघतोय असं त्यांना वाटलं.

ती परत आली तेव्हा गाल लाल झाले होते. "काय दिसलं?" काकांनी विचारलं.

"खूप. सांगेन हळूहळू."

"नकाशासारखं आहे का काही?"

काकूंनी प्रामाणिकपणे विचार केला. "तसं नाही. पण पलीकडे खाली नदी आहे ना, तिचं ते दुहेरी वळण, ते मात्र अगदी तस्संच. कुणीतरी जपून हात फिरवल्यासारखं."

काका म्हणाले की वाऱ्यानं डोळ्यात काहीतरी गेलं.

उतरायला साडेपाच तास लागले. निम्मी वाट काका काकूंच्या खांद्यावर उतरले आणि निम्मी पँटच्या मागच्या भागावर, जो भाग पुढे वापरण्याजोगा राहिला नाही. चौकीत कारकून वही उघडून तयार होते.

"गटप्रमुख, इथं सही करा. सोबत नेलेल्या व्यक्ती परत आणल्यात का? सगळ्या?"

"एकच होती," काकू म्हणाल्या. "आणली."

बाकावर पाय पसरून काकांनी फोन उघडला. ग्रुपवर बत्तीस जण फोटो मागत होते. काकांनी लिहिलं, 'शिखर सर झाले.' मराठीत ही मोठी सोय आहे. क्रियापद असं योजता येतं, की कोणी केलं ते विचारायला ऐकणाऱ्याची जीभ उचलत नाही. चौतीस वर्षं सरकारी पत्रव्यवहार याच सोयीवर चालला होता. त्यांचं बोट पाठवायच्या खुणेवर टेकलं आणि तिथंच अडकलं. मग त्यांनी ते सगळं पुसलं आणि लिहिलं, 'ही चढली. मी खाली बसलो होतो. पाय मुरगळला.' पाठवलं, आणि फोन बंद करून खिशात टाकला.

दुसरी सकाळ नव्या संकटानं उगवली. डावा पाय म्हणजे क्लच. तो दाबताच काका असे कळवळले की लॉजचा मालक बाहेर धावून आला. काकूंकडे वाहन चालवायचा परवाना होता, दर वेळी वेळेवर नूतनीकरण केलेला, पण त्यावर त्यांनी आजवर गाडी फक्त धुण्यासाठी नळापर्यंत नेली होती.

"सरका," काकू म्हणाल्या.

"अगं, घाट आहे! बावीस वळणं आहेत. मी स्वतः ओढलीयत."

"सरका म्हणते ना."

पहिल्या तासात काकांनी आपल्या बाजूला नसलेला ब्रेक शंभरदा दाबला. "हळू, आता तिसरा, दुसरा, हॉर्न दे, अगं ट्रक!" शेवटी काकू रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाल्या, "अहो, तुम्ही नुसता श्वास घ्या. तेवढं केलंत तरी खूप मदत होईल."

नवव्या वळणावर, ऐन चढावर, गाडी बंद पडली. सुरू केली, मागे घसरली, बंद पडली. पुन्हा तेच. मागे एक भरलेली बस आणि बसमागे आणखी आठ-दहा गाड्या. हॉर्नचा गदारोळ सुरू झाला. काकांनी लाजेनं टोपी नाकापर्यंत ओढली. काकूंनी हँडब्रेक ओढला, दार उघडलं, उतरल्या आणि शांतपणे बसच्या ड्रायव्हरपाशी गेल्या.

"दादा, जरा चार हात मागे राहाल का? मी चढावर आजच शिकतेय."

ड्रायव्हरनं त्यांच्याकडे पाहिलं. मग इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि रस्त्याच्या मधोमध उभं राहून मागच्या सगळ्यांना हातानं थोपवलं. "काकू, घाई करू नका. क्लच अर्धा सोडा, गाडी थरथरली की मगच ब्रेक सोडा. आम्ही आहोत मागं."

गाडी थरथरली. काकूंनी ब्रेक सोडला. गाडी सुळकन वर गेली आणि मागे अख्ख्या बसनं टाळ्या वाजवल्या. काकांनी टोपी काढली, खिडकीतून अंग बाहेर काढलं आणि सगळ्यांना हात केला, पुढारी करतात तसा. मग त्यांच्या ध्यानात आलं की टाळ्या कोणासाठी आहेत. तरीही त्यांनी हात खाली घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सपाटीवर काकूंनी एका मालट्रकला मागं टाकलं. काकांनी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा ट्रक आरशात होता आणि काकू गुणगुणत होत्या. त्यांना गाता येतं, हे काकांना ठाऊक होतं. गाडी चालवताना त्या गातात, हे जगात अजून कोणालाच ठाऊक नव्हतं.

दुपारी गाडी आपल्या गल्लीत शिरली. काकूंनी ती फाटकापाशी आणून उभी केली, हँडब्रेक ओढला, मान इकडेतिकडे वळवून मोकळी केली. "चला, आलं घर. थांबा, मी त्या बाजूनं येते, मग उतरा."

काका उतरायच्या तयारीत दिसत नव्हते. पट्टा तसाच होता. ते समोरच्या काचेतून गल्लीच्या टोकाकडे बघत होते, जिथून मोठा रस्ता सुरू होतो.

"दुखतोय का पाय?"

"नाही गं," काका म्हणाले. "म्हटलं, अजून एक चक्कर मारतेस का? जरा लांबून."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, किल्ली फिरवली आणि आरशात बघून गाडी मागे घेतली.